अख्ख्या जगाला कोडिंगची भाषा देणारा डेनिस रिची आणि त्या भाषेतलं उघडं राहिलेलं एक दार

मुळशी म्हणलं की कुणाला धरण आठवतं, कुणाला ताम्हिणी घाटातला पाऊस, कुणाला आंबेमोहोर तांदूळ, तर कुणाला मुळशी पॅटर्न सिनेमा. पण आयटीवाल्यांचं हिंजवडी सुद्धा मुळशी तालुक्यातच येतं, हे रोज तिथल्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास काढणाऱ्या कित्येकांच्या ध्यानात नसतं. काचेच्या एवढ्या मोठ्या बिल्डिंगा, पण कागदोपत्री तालुक्याचं ठिकाण पौड.

या बिल्डिंगांमध्ये कुणी जावावर काम करतं, कुणी पायथनवर, कुणी अजून कशावर. पण थोडं खाली खणत गेलं की सगळ्यांच्या बुडाशी एकच भाषा लागते. पायथनचा कोड चालवणारा मूळ प्रोग्राम सी भाषेत लिहिलाय. सर्व्हरवरच्या लिनक्सचा गाभा सीमध्ये आहे. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सवर चालतो.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या पोरापोरींना ही भाषा वेगळी सांगायला नको. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं लेट अस सी हे पुस्तक, कॉलेजच्या लॅबमधली टर्बो सीची ती निळी स्क्रीन आणि पहिला प्रोग्राम हॅलो वर्ल्ड.

पहिला प्रोग्राम सगळ्यांना येतो. गंमत असते दुसऱ्या प्रोग्रामात. समोरच्याला त्याचं नाव विचारायचं, त्यानं टाइप केलेलं नाव वाचायचं आणि नमस्कार घालायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण समोरचा माणूस काय टाइप करेल आणि किती टाइप करेल, याचा काही नेम नसतो. याच साध्या कामानं सी भाषेला चाळीस वर्षं छळलं, १९८८ साली इंटरनेटचा मोठा भाग बंद पाडला आणि त्याचा निकाल लागला तो भाषा बनवणाऱ्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी.

त्या माणसाचं नाव डेनिस रिची.

९ सप्टेंबर १९४१ ला अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या ब्राँक्सव्हिल गावात त्याचा जन्म झाला. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. बेल लॅब्स म्हणजे अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था, ट्रान्झिस्टरचा शोध लागला ती जागा. कॉल एका तारेवरून दुसऱ्या तारेवर नेणारी सर्किट कशी बांधायची, हा वडिलांचा विषय. पुढं रिची कुटुंब न्यू जर्सीतल्या समिट गावात राहायला आलं.

डेनिस हार्वर्डला गेला आणि १९६३ साली फिजिक्सची डिग्री घेऊन बाहेर पडला. तोवर त्याची खात्री पटली होती की फिजिक्समध्ये नाव काढण्याएवढं डोकं काही आपल्याला नाही, त्यापेक्षा कॉम्प्युटर बरे. मग तिथंच गणिताकडं वळून पीएचडी सुरू केली. १९६८ पर्यंत प्रबंध लिहून तयार होता. आता फक्त त्याची बांधीव प्रत लायब्ररीत जमा करायची होती.

ती त्यानं कधी केलीच नाही. त्यामुळं हार्वर्डची पीएचडी त्याला मिळाली नाही. पुढं आयुष्यभर जग त्याला डॉक्टर समजत राहिलं. हा हरवलेला प्रबंध २०२० साली कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं लोकांसमोर आणला.

प्रबंध बांधायला वेळ नव्हता, पण नोकरी मिळाली होती. १९६७ पासून तो वडिलांच्याच बेल लॅब्समध्ये, न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या ऑफिसात रुजू झाला. तिथं त्याची जोडी जमली केन थॉम्पसनशी. दोघंही मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रकल्पावर होते. एकच कॉम्प्युटर अनेक लोकांना एकाच वेळी वापरता यावा असा तो बेत होता. काम रखडलं, खर्च वाढला आणि १९६९ साली बेल लॅब्सनं त्यातून अंग काढून घेतलं.

सवय लागलेलं खेळणं असं हातातून गेलं. थॉम्पसननं लॅबमध्ये पडून असलेला पीडीपी-७ नावाचा जुना, छोटा कॉम्प्युटर शोधला आणि त्याच उन्हाळ्यात त्यावर स्वतःची सिस्टीम उभी केली. तीच पुढं युनिक्स झाली. रिची पहिल्यापासून सोबत होता.

या जोडीला आता चांगला कॉम्प्युटर हवा होता. पण मल्टिक्समध्ये हात पोळलेली कंपनी आणखी एका ऑपरेटिंग सिस्टीमला पैसे देणं अवघडच. मग त्यांनी साहेबांना पटेल असं कारण पुढं केलं. आम्ही कागदपत्रं टाइप करायची, दुरुस्त करायची आणि नीट छापायची सोय करून देतो, असा प्रस्ताव गेला. तो मंजूर झाला आणि १९७० साली पीडीपी-११ आला.

शब्द दिला तर तो पाळावाही लागतो. बेल लॅब्सच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करायचे होते. १९७१ च्या उत्तरार्धात त्या विभागाचे तीन टायपिस्ट या मशीनवर दिवसभर बसायला लागले. म्हणजे जगभरचे सर्व्हर चालवणाऱ्या युनिक्सचं बाहेरच्या माणसांसाठीचं पहिलं खरं काम काय, तर टाइप केलेला मजकूर घेणं आणि सांभाळणं.

हे सगळं चालायचं किती जागेत? मेमरी २४ केबी, त्यातली १६ सिस्टीमची आणि वापरणाऱ्यासाठी उरली ८. डिस्क अर्ध्या एमबीची. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा एखादा फोटो सुद्धा त्या मेमरीत मावला नसता. एका प्रोग्रामनं दुसऱ्याच्या जागेत पाय टाकला तर त्याला अडवणारं त्या मशीनमध्ये काहीच नव्हतं. टायपिस्ट खटाखट अर्ज टाइप करतायत आणि त्याच मशीनवर रिची-थॉम्पसन नवा प्रोग्राम चालवून बघतायत. तो चुकला तर सगळ्यांचीच सिस्टीम आडवी.

तेव्हा स्क्रीन सुद्धा नव्हती. टेलिटाइप नावाचं टाइपरायटरसारखं यंत्र होतं, जे काही टाइप कराल ते कागदावर उमटायचं. कागदावर उमटलेलं अक्षर पुसणार कसं? म्हणून युनिक्समध्ये हॅशचं चिन्ह टाइप केलं की आधीचं एक अक्षर रद्द आणि ॲटचं चिन्ह टाइप केलं की अख्खी ओळ रद्द, असा नियम होता. माणूस चुकणार, दुरुस्त करणार, म्हणून सिस्टीम पूर्ण ओळ होईपर्यंत थांबायची आणि एंटर दाबल्यावरच ती प्रोग्रामच्या हातात द्यायची. सीमध्ये नाव विचारणारा प्रोग्राम आज सुद्धा एंटर दाबेपर्यंत ढिम्म हलत नाही, त्याचं मूळ इथं आहे.

भाषेकडं येऊ. थॉम्पसननं आधी बी नावाची भाषा केली होती, बीसीपीएल या ब्रिटिश भाषेवरून. रिचीनं १९७१ पासून बी सुधारायला घेतली. नव्या मशीनवर एकेक अक्षर वेगळं हाताळता येत होतं, ते बीला नीट जमत नव्हतं. अक्षर वेगळं, आकडा वेगळा, असे प्रकार रिचीनं भाषेत आणले. १९७२ मध्ये बहुतेक काम झालं आणि बी नंतरचं अक्षर म्हणून नाव पडलं सी. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभाच सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. ऑपरेटिंग सिस्टीम ही त्या त्या मशीनच्या भाषेतच लिहायची असते असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. यामुळं युनिक्स एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर नेणं शक्य झालं.

आता ते दार कुठं उघडं राहिलं ते बघू.

मजकूर मेमरीत ठेवायचा तर तो कुठं संपतो हे कळायला हवं. बीसीपीएलमध्ये मजकुराच्या सुरुवातीला आकडा लिहायचे, पुढं इतकी अक्षरं आहेत म्हणून. पण त्या आकड्याला जागा छोटी, त्यामुळं मजकुराच्या लांबीला सुद्धा मर्यादा यायची, वर तो आकडा सांभाळत बसायची कटकट. बीमध्ये ही पद्धत बदलली. मजकूर कितीही लांब असू दे, शेवटी एक खुणेचं चिन्ह ठेवायचं. सीमध्ये ती खूण म्हणजे शून्य किमतीचा एक बाइट. वाचत जायचं, शून्य लागलं की थांबायचं. जागा वाचते, काम झटपट होतं.

अडचण एवढीच की या पद्धतीत मजकूर किती आहे ते कळतं, पण त्याच्यासाठी जागा किती राखलीय ते कुठंच लिहिलेलं नसतं. ते प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवायचं. आणि सी भाषेचा सगळा स्वभाव हाच आहे. प्रोग्रामरवर विश्वास टाकायचा, आडवं यायचं नाही. आठ केबीच्या खोलीत संसार करायचा तर दर पावलाला तपासणी परवडतही नव्हती.

पुढं इनपुट-आउटपुटची तयार फंक्शनं सीसोबत मिळायला लागली. त्यात टाइप केलेली ओळ वाचणारं एक फंक्शन होतं गेट्स. बिल गेट्सचा याच्याशी काही संबंध नाही, गेट स्ट्रिंगचं ते छोटं रूप. त्याला फक्त सांगायचं की ओळ कुठं ठेवायची. जागा किती आहे हे ते विचारतच नाही. एंटर येईपर्यंत ओतत राहतं.

शेरभराच्या मापात पायलीभर तांदूळ ओतला तर काय होईल? सांडेल आणि शेजारी ठेवलेल्या डाळीत मिसळेल. नावासाठी दहा बाइटची जागा राखली आणि समोरच्यानं पन्नास अक्षरं टाइप केली तर उरलेली चाळीस शेजारच्या मेमरीत घुसतात. तिथं आधी जे काही होतं ते पुसलं जातं. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

त्या शेजारच्या जागेत बऱ्याचदा एक महत्त्वाची नोंद असते. हे फंक्शन संपल्यावर प्रोग्रामनं परत कुठं जायचं, त्याचा पत्ता. एखाद्या बिलंदरानं नेमकी मोजून अक्षरं पाठवली तर तो पत्ताच बदलता येतो. मग प्रोग्राम घरी न जाता चोराच्या घरी जातो आणि चोर सांगेल ते करतो.

रिचीला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. १९७८ साली त्यानं आणि ब्रायन कर्निघननं सी भाषेवरचं पुस्तक काढलं, ते आजही या भाषेचं पहिलं पुस्तक मानलं जातं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ओळ वाचायचं एक छोटं फंक्शन स्वतः लिहून दाखवलंय. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, ओळ कुठं ठेवायची आणि जास्तीत जास्त किती अक्षरं घ्यायची. म्हणजे योग्य पद्धत पुस्तकात छापलेली होती. शिवाय तयार फंक्शनांमध्ये एफगेट्स नावाचं दुसरं होतंच, जे कुठं, किती आणि कुठून असे तीनही प्रश्न विचारतं. पण माणूस कमी टाइप करावं लागेल तिकडं जातो. गेट्स सोपं होतं, लोकांनी गेट्स वापरलं.

दहा वर्षांनी त्याची किंमत वसूल झाली.

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे कॉम्प्युटर एकामागून एक सुस्तावत बंद पडायला लागले. कुणीतरी सोडलेला प्रोग्राम एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत स्वतःच्या प्रती काढत होता. घुसायचे रस्ते त्याच्याकडं अनेक होते. मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममधली पळवाट होती, सोपे पासवर्ड ओळखणं होतं आणि तिसरं होतं फिंगर. दुसऱ्या मशीनवर कोण लॉगिन आहे ते सांगणारी ही साधी सेवा. ती आलेली ओळ वाचायला गेट्स वापरायची आणि त्यासाठी ५१२ बाइट राखलेले होते. या प्रोग्रामनं ५३६ बाइट पाठवले. वरच्या चोवीस बाइटनी काम केलं.

तेव्हाच्या इंटरनेटवर साधारण साठ हजार मशीन असतील आणि त्यातली सहा हजार सापडली, असा अंदाज त्या काळी सांगितला गेला.

प्रोग्राम सोडणारा होता कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस. आणि इथं एखाद्या सिनेमात शोभेल असा योगायोग आहे. त्याचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल लॅब्समधले रिचीचे जुने सहकारी. युनिक्समध्ये पासवर्ड गुप्त ठेवायची पद्धत त्यांनीच बसवली होती. सत्तरच्या दशकात रिची, मॉरिस आणि जिम रीड्स या तिघांनी मिळून दुसऱ्या महायुद्धातल्या एका सांकेतिक यंत्राची फोड केली होती, ते काम त्यांनी छापलं नाही. १९८८ साली हे वडील अमेरिकन सरकारच्या कॉम्प्युटर सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. बापानं कुलूप बसवलं आणि पोरगं खिडकीतून आत गेलं. पोराला तुरुंगवास झाला नाही, तीन वर्षं देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरच्या आसपास दंड झाला.

मग गेट्स लगेच काढून टाकलं असेल ना? नाही. १९८९ साली अमेरिकेत सीचं अधिकृत प्रमाण ठरलं, त्यातही ते राहिलं. हजारो प्रोग्राम त्यावर चालत होते, काढलं तर ते सगळे मोडणार. १९९९ च्या आवृत्तीतही राहिलं. २००७ साली त्या आवृत्तीत दुरुस्ती करून एवढंच म्हणलं की हे आता वापरू नये.

या सगळ्यात रिची काय करत होता? तो बेल लॅब्समध्येच होता. १९८३ साली त्याला आणि थॉम्पसनला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटनच्या हातून राष्ट्रीय पदक मिळालं. पण माणूस लाजाळू, मीडियापासून लांब. सहकारी त्याला लॉगिनच्या नावानं, डीएमआर म्हणून ओळखायचे. दुपारी ऑफिसात उगवायचा आणि घरी जाऊन पहाटेपर्यंत काम करायचा. स्वतःच्या भाषेतल्या खोडी सुद्धा तो लेखांमधून सरळ सांगून मोकळा व्हायचा.

याच काळात त्याच्या सहकाऱ्यांकडून एक काम झालं, ज्याचा आपल्या मराठीशी थेट संबंध आहे.

सीमधलं एक अक्षर म्हणजे एक बाइट, इंग्रजीला तेवढं पुरतं. जगातल्या सगळ्या लिप्यांना ते कसं पुरणार? सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात जेवायला बसले होते. तिथंच थॉम्पसननं एक पद्धत आखली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, बाकीच्यांना त्याहून जास्त. हे करताना एक पथ्य पाळलं, या जादा बाइटांमध्ये शून्य कधीच येऊ द्यायचं नाही. कारण शून्य आलं की सीला वाटणार मजकूर संपला. या पद्धतीचं नाव यूटीएफ-८. तुम्ही हे जे मराठी वाचताय ते बहुधा याच पद्धतीनं तुमच्या फोनपर्यंत पोचलंय. रिचीच्या सीमधली ती शून्याची खूण जपूनच देवनागरी जगाच्या कॉम्प्युटरांमध्ये शिरली.

पण यात एक मेख आहे, आणि ती हिंजवडीतल्या पोरांनाही चकवते. देवनागरीत प्रत्येक अक्षर, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार यांना तीन-तीन बाइट लागतात. इंग्रजीत मुळशी लिहिलं तर सहा बाइट. मराठीत म, उकार, ळ, श आणि वेलांटी असे पाच तुकडे, म्हणजे पंधरा बाइट. आणि शेवटच्या शून्याचा एक वेगळा. दहा बाइट राखून गेट्सनं गावाचं नाव विचारलं तर इंग्रजीत काम निभावतं, मराठीत तांदूळ सांडतो.

बरं, एफगेट्स वापरून वीसची मर्यादा घातली तर? सांडत नाही, पण हिंजवडीला लागतात एकवीस. शून्यासाठी एक सोडून एफगेट्स एकोणीस बाइट घेतं. त्यात हिंजवड पर्यंत अठरा जातात आणि शेवटच्या वेलांटीच्या तीन बाइटांतला एकच हाती लागतो. मग स्क्रीनवर हिंजवड आणि पुढं चौकटीतलं प्रश्नचिन्ह. राहिलेले दोन बाइट रांगेतच थांबतात आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आत घुसतात. मराठी नावाच्या शेवटी असं चिन्ह दिसलं, तर त्यामागं बऱ्याचदा अक्षराऐवजी बाइट मोजून मारलेली अशीच कात्री असते.

कॉलेजात शिकवतात ते स्कॅनएफ सुद्धा यातलंच. त्यानं साधा मजकूर मागितला की ते पहिल्या मोकळ्या जागेशी थांबतं. १९२१ साली मुळशी धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह लढवणाऱ्या सेनापती बापटांचं नाव टाइप करून बघा, प्रोग्रामच्या हातात फक्त सेनापती येतात. बापट मागं रांगेत उभे. आणि किती अक्षरं घ्यायची हा आकडा सोबत दिला नाही तर स्कॅनएफ सुद्धा गेट्ससारखंच सांडतं.

रिची २००७ साली निवृत्त झाला. २०११ च्या जानेवारीत त्याला आणि थॉम्पसनला युनिक्ससाठी जपान प्राइझ जाहीर झालं. मार्चमध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, टोकियोचा सोहळा झाला नाही. मे महिन्यात मरे हिलला, जिथं त्यानं चाळीस वर्षं काढली तिथंच, त्याला हा पुरस्कार देण्यात आला.

५ ऑक्टोबर २०११ ला ॲपलचा स्टीव्ह जॉब्स गेला. जगभर दुकानांबाहेर लोकांनी फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या. आठवड्यानं, १२ ऑक्टोबरला, न्यू जर्सीच्या बर्कले हाइट्समधल्या घरात डेनिस रिची मृतावस्थेत सापडला. वय ७०. तब्येत काही काळ बरी नव्हती, एकटाच राहायचा. बातमी बाहेर आली ती रॉब पाइकनं सोशल मीडियावर लिहिलेल्या छोट्या पोस्टमधून. जॉब्सच्या आयफोनच्या पोटातली सिस्टीम युनिक्सच्याच वंशातली आहे, पण त्या आठवड्यात रिचीसाठी कुठल्या दुकानाबाहेर मेणबत्त्या लागल्या नाहीत.

दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, सीचं नवीन आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालं. त्यात गेट्स नव्हतं. इतकी वर्षं सांभाळलेलं ते फंक्शन अखेर भाषेतून काढून टाकलं होतं. आज लिनक्सवर कुणी वापरायला गेलंच तर सिस्टीम स्वतःच धोक्याचा इशारा देते.

टर्बो सी मात्र या प्रमाणाच्या कितीतरी आधीचं आहे. ज्या लॅबमध्ये ती निळी स्क्रीन अजून चालू आहे, तिथं गेट्स आजही मुकाट्यानं चालतं.